महानंदावहिनीचा अबोला

कस्तुरी दवाखान्यात आली तेव्हा माझ्यासमोर पोरं कडेवर घेतलेल्या बायकांची रांग होती. लस टोचायचा दिवस होता. ती रांग ओलांडून थेट टेबलाशी आली, माझ्या हातातली सिरिंज काढून तिनं ट्रेमध्ये ठेवली आणि भराभरा हात हलवायला लागली. रांगेतल्या बायका पोरांचं रडणं विसरून तिच्याकडे बघत राहिल्या.

कस्तुरी माझ्या दादाची मुलगी. तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. बाहेरगावच्या मूकबधिर शाळेत, वसतिगृहात राहून ती दहावी झाली आणि गडहिंग्लजला घरी येऊन ब्लाउज शिवायला लागली. तिची भाषा मला यायची, पण मोडकीतोडकी. त्या दिवशी 'आई' कळलं, 'हात' कळलं, पुढचं कळेना. भाजलं का, विचारलं. नाही. कापलं का? नाही. शेवटी ती थांबली आणि लहान पोराला दाखवावं तसं तिनं मला दाखवलं. आधी 'पाणी'ची खूण नीट केली. मग तीच खूण अशी केली की बोटं ओठांकडे जायच्याऐवजी गालावरून घसरली आणि मधेच विरली. मग स्वतःच्या जिभेला बोट लावून तिनं तान्ह्या पोरासारखा चेहरा केला.

आईचे हात बोबडे बोलायला लागलेत, असं ती सांगत होती.

मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर घरी गेले. महानंदावहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून हसल्या. "हिनं तुम्हाला पण पळवत आणलं होय वन्सं? काही नाही हो. काल चकल्या पाडल्या, बोटं आखडलीत." बोलणं नेहमीसारखं स्वच्छ होतं. मी नाडी बघितली, ब्लडप्रेशर घेतलं. सगळं ठीक होतं. दादा जेवायला घरी आला होता, तो म्हणाला की पोरगी दिवसभर आईच्या तोंडाकडे बघत बसते, तिला काहीही दिसतं. मलाही तेच पटलं. कस्तुरी मात्र आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघत उभी होती, आणि आपलं म्हणणं मोडीत निघालंय हे तिला ऐकू न येताही कळलं होतं.

महिना उलटला आणि ते तोंडात उतरलं. वहिनी मिठाचा चमचा मागताना 'मिठाची किल्ली द्या' म्हणाल्या. शेजारणीला हाक मारताना तिचं नाव सापडेना म्हणून 'अहो, अहो' करत राहिल्या. मग एका सकाळी दूध तापवताना त्या ओट्याशी कोसळल्या. उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू झटके देत होती. कस्तुरीनं गॅस बंद केला, आईला कुशीवर वळवलं आणि पदरानं तिच्या तोंडातला फेस पुसत बसून राहिली. हाक मारता येत नव्हती म्हणून तिनं पितळेचा तांब्या उचलून दारावर आपटला, तेव्हा शेजारचे धावून आले.

आम्ही त्यांना कोल्हापूरला नेलं. एम.आर.आय.च्या खोलीत जायच्या आधी अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. आम्ही लिंगायत. वहिनींनी लग्नानंतर कधीही गळ्यातलं लिंग उतरवलं नव्हतं. चांदीच्या डबीसकट ते त्यांनी काढलं, कस्तुरीच्या ओंजळीत ठेवलं आणि तिची बोटं मिटवली. मशीन थांबेपर्यंत कस्तुरी तशीच मुठी आवळून भिंतीला टेकून उभी होती.

मेंदूचे डॉक्टर सबनीस म्हणून होते. मोजकं बोलणारे, पण समोरच्याला कळेपर्यंत थांबणारे. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि डाव्या बाजूचा एक पांढुरका गोळा दाखवला. गाठ वाईट जातीची वाटते, म्हणाले. मग एकेक रस्ता सांगितला. मोठं ऑपरेशन करून जेवढी निघेल तेवढी गाठ काढायची, नंतर लाइट, म्हणजे रेडिएशन, द्यायचा. त्यात दोनेक वर्षं मिळू शकतील, पण गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली असल्यानं वाचा जाण्याची भीती मोठी. किंवा कवटीला बारीक भोक पाडून फक्त तुकडा तपासायचा आणि लाइट द्यायचा. त्यात धोका कमी, आयुष्यही कमी. किंवा काही न करता गोळ्यांवर दिवस काढायचे. मी नर्स असल्यानं ते बरंचसं माझ्याकडे बघून सांगत होते आणि मी दादाला सोपं करून सांगत होते. वहिनी दोघांच्या मधे बसल्या होत्या. कस्तुरी बाहेर बाकावर होती. तिला आत बोलवावं हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

दादानं सगळं ऐकून घेतलं. तो एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. गाड्यांच्या घोषणा करून करून त्याचा आवाज असा झाला होता की खोलीतही तो फलाटावर बोलल्यासारखं बोलायचा.

"मोठं ऑपरेशन करूया," तो म्हणाला. "वाचा गेली तर गेली. हिला हातानं बोलता येतं. आमच्या घरात ती भाषा आहेच."

"गंगाधरराव, भाषा जिभेत नसते आणि हातातही नसते," डॉक्टर म्हणाले. फिल्मवर गाठीच्या कडेला त्यांनी पेन टेकवलं. "इथं असते. ही जागा गेली तर बोलणं जाईल आणि खुणाही जातील."

दादा माझ्याकडे बघायला लागला, जणू मी ते खोटं ठरवणार होते.

"मला कळलंय डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "माझ्या लेकीला तर तुमच्याही आधी कळलं होतं."

तरी दादानं ऑपरेशनची तारीख घेतली, पुढच्या सोमवारची. बायको वाचवायची तर अर्धवट काही करायचं नाही, असं त्याचं म्हणणं. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या की ऑपरेशन करून घेईन, पण आत्ता नाही, थोडे दिवस जाऊ द्या. दादानं कारण विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. त्यानं पाहुण्यांकरवी सांगून बघितलं, मठातल्या स्वामींना घरी आणलं. स्वामी बराच वेळ समजावत होते. वहिनींनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, प्रसाद घेतला आणि नाहीच म्हणाल्या. डॉक्टर फोनवर मला म्हणाले की सूज उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यानं त्यांना बरं वाटेल, पण त्या बरं वाटण्यावर विसंबू नका, आतून गाठ वाढतच असते. मी हे वहिनींना शब्दाला शब्द सांगितलं. "मग गोळ्या आहेत तोवर," एवढंच त्या म्हणाल्या.

सोमवार उलटून गेला. त्या दिवसापासून त्यांनी दादाशी बोलणं टाकलं.

आधी मला वाटलं, तारीख न विचारता ठरवली म्हणून रुसल्या असतील. नवरा-बायकोत अबोला काही नवीन नाही. पण हा अबोला वेगळाच होता. माझ्याशी बोलायच्या, शेजारणीशी बोलायच्या, दारावर आलेल्या भाजीवालीशी घासाघीस करायच्या. शब्द अडखळायचे, मधेच भलता शब्द यायचा, पण बोलायच्या. फक्त दादा समोर आला की तोंड मिटायचं आणि हात सुरू व्हायचे. चहा हवा का, हातानं. जेवायला चला, हातानं. आज स्टँडवर गर्दी होती का, तेही हातानं.

दादाला चार-पाच खुणांपलीकडे काही येत नव्हतं. त्यात त्याची सगळीच चूक होती असं नाही. कस्तुरी शाळेत गेली तेव्हा तिथल्या हेडमास्तरांनी आईबापांना बजावलं होतं की पोरांशी हातवारे करू नका, तोंडानंच बोला, नाहीतर ती कधी बोलायला शिकणार नाहीत. दादानं ते औषधाच्या पथ्यासारखं पाळलं. पोरीच्या समोर उभं राहून तो मोठमोठ्यानं बोलायचा आणि ती त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघून मान डोलवायची. वहिनींनी मात्र हेडमास्तरांचं ऐकलं नाही. पोरीला भेटायला गेल्या की वर्गात न बसता त्या वसतिगृहाच्या मागच्या अंगणात बसायच्या. तिथं धुणं वाळत घालता घालता मुली एकमेकींशी हातानं बोलत. त्या मुलींकडून वहिनी शिकल्या. एकोणीस वर्षं बापाचं पोरीशी आणि पोरीचं बापाशी जे काही बोलणं झालं, ते वहिनींच्या हातातून झालं.

पहिले काही दिवस दादा चिडला. "महानंदा, तोंड शिवलंय काय तुझं?" असं विचारायचा. वहिनी तेच परत हातानं सांगायच्या, सावकाश. त्याला कळलं नाही तर तिसऱ्यांदा. त्यानंही कळलं नाही तर आपल्या कामाला लागायच्या आणि दादाचा चहा राहायचा. एकदा त्यांनी साबुदाणा आणायला सांगितला आणि हा साबण घेऊन आला. कस्तुरी पोट धरून हसली. दादाही ओशाळा हसला. बायकोला काय हवंय ते कळत नाही म्हटल्यावर तो कस्तुरीला विचारायला लागला, आणि कस्तुरीला विचारायचं तर हात हलवावेच लागत. त्याची शिफ्ट दुपारची असली की सकाळी मला तिघं ओट्याशी दिसायची. कस्तुरी बापाची जाड बोटं धरून, सुईत दोरा ओवावा तशी एकेक वाकवून त्यांची खूण करून द्यायची.

त्याच दिवसांत त्याला स्वतःच्या नावाची खूण कळली. कस्तुरी बापाचं नाव ओठांसमोर मूठ धरून दाखवायची. दादाला वाटायचं, माईक असेल. कस्तुरीनं सांगितलं, माईक नाही, कुल्फी. लहान असताना आईबरोबर ती स्टँडवर गेली होती, तेव्हा काचेच्या केबिनमध्ये बाप तोंडासमोर काहीतरी धरून बसलेला तिला दिसला. हा रोज एकटा कुल्फी खातो आणि घरी आपल्यासाठी आणत नाही, म्हणून ती कितीतरी दिवस त्याच्यावर रागावलेली होती. बापाला तो राग कधी कळलाच नव्हता. दादा त्या संध्याकाळी स्टँडवरून येताना कुल्फ्या घेऊन आला. घरी पोचेपर्यंत अर्ध्या वितळल्या होत्या.

मी हे बघत होते आणि मला ते गोडही वाटत होतं, पण आतून जीव तुटत होता. गोळ्यांचा असर कमी होत चालला होता. वहिनींचं उरलंसुरलं बोलणं दिवसादिवसानं आटत होतं. दादा मला एकदा म्हणाला, "शेजारणीशी बोलते, माझ्याशी बोलत नाही. गिरिजा, मी काय गुन्हा केला?" त्याचा तो फलाटावरचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहिनी पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसले आणि स्पष्ट विचारलं.

"वहिनी, थोडंच बोलणं राहिलंय. ते भाजीवालीला देताय आणि दादाला नाही. त्याला आयुष्यभर पुरेल असं काहीतरी बोला की."

त्या सोलत राहिल्या. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागायचा.

"ऑपरेशन झालं की मी असेन वन्सं. पण मी अशी असेन," त्यांनी एक रिकामी शेंग उचलून दाखवली. "तेव्हा घरात दोघं. एकाला दुसऱ्याचं कळत नाही. माझ्या पोरीनं कुणाशी बोलायचं?"

"मी आहे की."

"तुम्ही आत्या. आत्या येते, जाते. बाप घरात असतो."

"मग त्याला तसं सांगा. तो शिकेल."

"एकोणीस वर्षं सांगतेय. 'हो, शिकतो' म्हणतात." त्या थांबल्या. पुढचा शब्द यायला फार वेळ लागला. "माझं तोंड त्यांना... ऐकू येतं. ते चालू असलं की हाताकडे कोण बघतंय?"

मी शेंगा सोलायला घेतल्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मला काय वाटत नसेल होय?" आणि पदरानं डोळे न पुसता तशाच सोलत राहिल्या.

हे दादाला सांगू नका, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. तरी मी सांगितलं नाही. मला वाटतं, तोवर त्याला उमगलंही होतं. कारण त्यानं अबोल्याची तक्रार करणं बंद केलं. तो घाई करायला लागला. स्टँडवर दोन गाड्यांच्या मधे केबिनमध्ये बसून बोटं हलवायचा. ड्रायव्हर-कंडक्टर म्हणायचे, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

एक गोष्ट मात्र कस्तुरीनंच मला सांगितली, तिच्या सावकाश खुणांनी. बाप आईकडून शिकतो, पण आईच्या खुणा आता बिघडल्यात, आणि बाप त्या बिघडलेल्या खुणाच शिकतो. 'उद्या' म्हणायचं तर आईचा हात खाली पडतो, मग बापही हात खाली पाडतो. तिनं आईच्या पाठीमागं त्याला बरोबर खूण दाखवली. खाली पडणारा हात आईचा नाही, दुखण्याचा आहे, म्हणून सांगितलं. दादा ती नवी खूण शिकला. पण वहिनींसमोर तो त्यांच्यासारखाच हात खाली पाडायचा.

दुसरी फीट आली तेव्हा गोळ्यांनी साथ सोडली होती. बेशुद्धीतच त्यांना कोल्हापूरला नेलं. शुद्ध आली, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. वहिनींनी दादाकडे बघितलं, कस्तुरीकडे बघितलं, आणि मान हलवून होकार दिला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की गाठ बरीच वाढलीय, मधे वेळ गेला नसता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मधला वेळ वाया गेलेला नाही. त्यांना त्याचा अर्थ लागला नाही, आणि मलाही तो समजावून सांगता आला नसता.

ऑपरेशनच्या सकाळी वहिनींच्या डोक्याचा गोटा केलेला, हिरवा झगा घातलेला. स्ट्रेचर थिएटरच्या दारापाशी थांबवलं, घरच्यांनी भेटून घ्या म्हणाले. कस्तुरीनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला कपाळ लावलं. मग ती बाजूला झाली. दादा पुढे झाला. माझ्या मनात आलं, आता तरी. इथं तरी त्या तोंड उघडतील. दादाच्याही मनात तेच असावं. तो वाकला आणि हळू म्हणाला, "महानंदा, एकदा नाव घेऊन हाक मार. मग काही मागणार नाही."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हललेले मी बघितले. पण आवाज आला नाही. त्यांनी डावा हात उचलला, उजव्यात तोवर जोर राहिला नव्हता, आणि एका हातानं, तुटक तुटक, काहीतरी सांगितलं. दादानं ते पुरं होईपर्यंत बघितलं. मग त्यानंही हातानंच उत्तर दिलं. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर आत ढकललं.

दार बंद झाल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या. दादा बाकावर बसला होता.

"म्हणाली, आता हिला विचारत जा." थोड्या वेळानं म्हणाला, "मी म्हटलं, विचारीन."

वहिनी वाचल्या. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. वाचा गेली, उजवी बाजू गेली, आणि डावा हात हलत असला तरी त्यातून खूण म्हणून काही उमटेना. वहिनी तो उचलायच्या, हवेत धरायच्या, आणि आपण तो कशाला उचलला हे विसरल्यासारख्या त्याच्याकडे बघत राहायच्या. लाइटच्या वाऱ्या झाल्या. कस्तुरीनं शिवणकाम आईच्या खाटेशेजारी आणलं. दादानं शिफ्ट बदलून घेतल्या. ऐकणाऱ्याला ते घर सुनं वाटलं असतं, कारण आवाज फक्त शिलाई मशीनचा. पण बसून बघितलं तर बापलेकीचं काहीतरी चालूच असायचं: औषध दिलं का, कूस बदलली का, आज डोळे ओले होते, तुला दिसले का.

वर्ष संपायच्या आत गाठ परत वाढली. डॉ. सबनीसांनी नवी फिल्म लावली आणि नवे रस्ते सांगितले. पुन्हा ऑपरेशन करता येईल, त्यातून काही महिने मिळतील. नव्या गोळ्या निघाल्यात, त्या देऊन बघता येतील. किंवा घरी न्यायचं. या वेळी कस्तुरी आत होती. वहिनी व्हीलचेअरवर, मान कस्तुरीच्या बाजूला कललेली.

दादा म्हणाला, "ऑपरेशन करू." आणि सवयीनं वळून कस्तुरीला ते हातानं सांगितलं.

कस्तुरीनं नाही म्हटलं.

दादानं पुन्हा सांगितलं, जोरात. तिनं त्याहून जोरात नाही म्हटलं. आणि मग त्या छोट्या खोलीत त्या दोघांचं जे भांडण झालं तसं मी जन्मात बघितलेलं नाही. आवाज काही नाही. फक्त श्वास, बांगड्या आणि तळहातावर तळहात आपटल्याचा आवाज. दादाचा चेहरा लाल झालेला. कस्तुरी उभी राहिली, तिनं आईच्या डोक्यावरचा व्रण दाखवला, सुया टोचून काळानिळा झालेला हात वर करून दाखवला, बापाच्या छातीला बोट लावलं. दादानं तोंड फिरवलं तर तिनं त्याची हनुवटी धरून परत आपल्याकडे वळवली. डॉक्टरांनी मला विचारलं, काय म्हणतायत? मला काही सांगता येईना. पाठ केलेल्या चार खुणांच्या फार पुढे दोघं निघून गेली होती.

बापलेकीचं ते पहिलं भांडण होतं. आधीच्या एकोणीस वर्षांत त्यांना भांडता आलं नव्हतं.

मी वहिनींकडे बघितलं. त्या या हातांवरून त्या हातांवर नजर फिरवत होत्या. त्यातलं त्यांना काय कळत होतं, काही कळत होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. आपल्याला वाटतं ते आपण बघतो. पण त्या झोपल्या नव्हत्या, आणि त्यांनी मानही फिरवली नाही.

शेवटी दादाचे हात थांबले. तो खाली बघत राहिला. मग डॉक्टरांना म्हणाला, "पोरगी म्हणते, आईला मरणाची भीती नाही, या खोल्यांची भीती आहे. ती रात्रंदिवस जवळ असते. तिला दिसतं." व्हीलचेअरची मूठ धरून म्हणाला, "घरी नेतो."

मला माहीत होतं, त्याच्या मनात ते नव्हतं. त्यानं विचारलं होतं, आणि उत्तर आल्यावर ऐकलंही.

वहिनी घरी आल्यावर फार दिवस राहिल्या नाहीत. शेवटी त्या बहुतेक झोपूनच असायच्या. एका दुपारी कस्तुरी मशीनवर होती, दादा त्यांच्या ओठांना कापसानं पाणी लावत होता, तेव्हाच श्वास थांबला. दादानं कापूस वाटीत ठेवला, उठून कस्तुरीसमोर जाऊन उभा राहिला, मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि तिला सांगितलं. मी तेव्हा दारात पोचले होते. ती खूण मलाही येत होती. ती सांगायला तो मला हाक मारेल, असं मी इतके दिवस धरून चालले होते. त्यानं हाक मारली नाही.

आमच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. पाहुणे आले, गेले. घर मोकळं झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही तिघं पडवीत बसलो होतो. पुढ्यात चहा होता. कस्तुरीनं बापाच्या गुडघ्यावर थाप मारून त्याचं लक्ष वेधलं आणि काहीतरी विचारलं. दादा तिच्याकडे नुसता बघत राहिला. तिनं परत विचारलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारते, आईचा आवाज कसा होता."

त्याचे डोळे भरून आले. मी कप खाली ठेवला. त्या प्रश्नाचं उत्तर शब्दांतसुद्धा मला देता आलं नसतं.

"मला तर आता नीट आठवतही नाही, गिरिजा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "शेवटचं तोंडानं काय बोलली, ते पण नाही. आठवते तेव्हा हातच दिसतात."

कस्तुरी वाट बघत होती. दादानं तळहात धोतरावर पुसले. मग हात वर केले. पहिली खूण मला कळली: जाड. जरा थांबून दुसरी: ऊब, तव्यावरून काढलेल्या भाकरीची असते तशी. पुढे त्याचे हात भरभर चालायला लागले आणि गर्दीत बोट सुटावं तशी मी मागे राहिले. कस्तुरी मात्र नजर न हलवता बघत होती, मधेच अडवून काहीतरी विचारत होती, आणि तो थांबून, आठवून, पुन्हा सांगत होता. अंधार पडून हात दिसेनासे व्हायला लागले, तेव्हा मी उठून दिवा लावला.